भिंत कसली?

खडे बाजारामागच्या बोळात इराण्णा मुचंडींचं दुकान.
पाटीवर वर ठसठशीत कन्नड, खाली किडकिडीत मराठी,
दोन्ही मिळून चार स्क्रूंवर,
त्यातला एक ढिला.

म्हटलं, मोठे स्क्रू द्या, जड कामाचे.
त्यांनी डब्यातून मान वर काढली नाही.
"काम राहू द्या ओ. भिंत कसली?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.
जन्मल्यापासून तिच्या आत राहते,
वडगावचं घर, बाहेरून गिलावा, पिस्ता रंग.
आत काय?
बोटाच्या पेरानं काउंटर वाजवून दाखवला:
अशी. पोकळ नाही, भरीव पण नाही.
"जांभा," ते म्हणाले. "खानापूरकडचा चिरा.
खाणीत मऊ असतोय, वारं लागलं की घट्ट.
पण भोकं त्याच्या अंगातच."

काळे स्क्रू त्यांनी आपणच मागं सारले:
ह्यांची मान मोडते, मोरीत वर्षभर टिकायचे नाहीत.
स्टीलचे घ्या, षटकोनी डोक्याचे, चार इंची.
पहिला पाऊण इंच नुसता गिलावा,
गिलाव्यातला स्क्रू म्हणजे पंगत उठेपर्यंतचा पाहुणा.
नायलॉनची गिट्टी दहाची, बिट मात्र आठचा,
जांभ्यात भोक आपोआप ऐसपैस होतं.
"आणि निधान री, निधान."
मग शेवटी: "टांगणार काय?"

टांगायचं नाही. धरायचंय.
आप्पा मोरीत घसरले. दोनदा.

सहा मोजले होते. आणखी दोन टाकले पुडीत,
त्यांचे पैसे लावले नाहीत.

आप्पा, म्हणजे भरमाणी कंग्राळकर,
उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं पॅटर्नमेकर.
ओतीव निवताना किती आकसेल
ते आधीच धरून लाकूड तेवढं मोठं कापायचे.
आता चहाची बशी दोन्ही हातांनी.
मोरीच्या दारात खुर्ची टाकून बसले, पाठ करून.
"दांडी कशाला? मी काय दवाखान्यात हाय?"

दस्तगीरची ड्रिल आणली होती मागून.
बिटला खोलीच्या खुणेची लाल टेप.
बटण दाबलं,
भिंत दातांत थरथरली, भोकाची कड सुटली,
संकेश्वरी तिखटासारखा भुगा पायावर.

"ठोकालीस कशाला ग?" पाठमोरेच.
"हातोडा बंद कर त्याचा. नुसतं फिरू दे."
दांडी दोन बोटं वर सरकवली. पुन्हा.
"आवाज बदलला?"
बदलला.
"आता चिरा लागला. ढकलू नको, अंगाचं वजन दे."
सायकलच्या पंपानं भुगा काढ.
गिट्टी लाकडी हातोडीनं बसव.
समोरासमोरचे आवळ, एक हिकडचा, एक तिकडचा,
फेर धरल्यासारखी गोल जाऊ नको.
खुर्ची कधी वळली ते मला दिसलं नाही.

शेवटच्या स्क्रूचा शेवटचा फेरा मला जाईना.
ते उठले. पाना घेतला.
हात कापत होता, कापत होता,
पाना स्क्रूच्या डोक्यावर बसला आणि थांबला.
पाव फेरा.
"बास. ह्याच्याफुडं गिट्टी फिरंल."

दोन दिवस दांडीला कुणाचा हात नाही.
तिसऱ्या दिवशी तिच्यावर त्यांचा पंचा.
म्हटलं घ्या, आठशे रुपयांचं वलण झालं!
काढायला गेले.
दोन्ही टोकं सुकलेली,
मधे मुठीएवढी जागा चुरगळून गेलेली,
पिळल्यासारखी,
अजून ओली.

तसाच राहू दिला.
आणि बिघडलेल्या त्या पहिल्या भोकातून
अजून लाल गळतं, चिमूटभर, रोज.